प्रश्न अकरावा

कान थोच्या नर्सिंग कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला,
छत्तीस प्रश्नांचा एक कागद वाटला.
पूरक आणि पर्यायी उपचारांविषयी
विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन.
नाव लिहू नका, सर म्हणाले,
म्हणजे खरं लिहाल.

पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही,
असहमत, पूर्ण असहमत.
ओळीनं पाच चौकोन,
दारं लावून घेतलेल्या पाच खोल्यांसारखे.

प्रश्न अकरावा :
असा उपचार तुम्ही स्वतः कधी केला आहे का?
मी लिहिलं, नाही.
शेजारी न्गा. तिनंही लिहिलं, नाही.
तिच्या पांढऱ्या गणवेशाखाली, पाठीवर,
माझ्या हातच्या रेघा होत्या,
आदल्या रात्रीच्या, अजून लाल.

जागरण झालेलं, त्यात ओल्या केसांनी पंख्याखाली झोपली.
अंग मोडून आलं, मान वळेना.
वारं शिरलंय गं, काढ ना, म्हणाली.
मी कडी लावली.
हिरव्या तेलाची बाटली,
मेसमधून ढापलेला चमचा,
आणि मणक्यापासून बाहेर, एकेक फासळी धरून,
खरवडत गेले,
बोट उलटी घालून माझे बाबा
बुडाचं शेवाळ खरवडतात तसं.
ढेकर देऊन ती झोपली.
मी पुन्हा पुस्तक उघडलं.
केशवाहिन्या, पान दोनशे चार.
पानाला तेलाचं बोट लागलं, ते अजून आहे.

ऑक्टोबरात डेंग्यूनं वॉर्ड भरला.
एका खाटेवर दोन पोरं, उलटसुलट,
एकाची पावलं दुसऱ्याच्या कानाशी.
सात नंबरला खोआ, वय आठ, तापाचा पाचवा दिवस.
सदरा वर केला आणि माझा हात थांबला.
पाठभर जांभळ्या रेघा.
कुठे रेघेचा डाग झालेला,
कुठे डाग डागाला जाऊन मिळालेला.
प्लेटलेट एकवीस हजार.

मोठी सिस्टर बघून गेली.
अडाणी, म्हणाली. हळू नाही.
आई उशीखाली काहीतरी सरकवत होती.
बघायची गरज नव्हती.
वास आमच्याच खोलीचा होता.

कशानं काढलंत?
ती दचकली. मग म्हणाली, नाण्यानं.
किती वेळा?
तीनदा. पहिल्या वेळी बरं वाटलं हो त्याला. जेवला.

असं करतात का, हे मी म्हणाले नाही.
कुठल्या तोंडानं म्हणणार होते?
म्हटलं, मावशी, हे वारं नाही.
या तापात रक्त गोठायचं विसरतं,
कातडीखाली आतल्या आत झिरपत राहतं.
एरवीचं एरवी. आत्ता नको.
तिनं मान हलवली,
पांढऱ्या कपड्यातल्या कुणापुढेही हलवतात तशी.
मग तळवे पुढे करून म्हणाली,
ह्यांचं काय करू मग?

छत्तीसच्या छत्तीस प्रश्न मनात धुंडाळले.
हा नव्हता.

तसराळं आणलं, कोमट पाणी, मऊ फडकं.
मान पुसा, काख पुसा. दाबायचं नाही.
ती पुसू लागली
मणक्यापासून बाहेर, एकेक फासळी धरून.
दिशा तीच.
मी केसपेपर घेतला :
पाठीवर खरवडल्याच्या खुणा. मारहाण नव्हे.
घरगुती उपचार. आईशी बोलले.
अडाणी असा रकाना तिथं नाही.

चौथ्या दिवशी प्लेटलेट चढल्या,
त्या आपल्या आपण चढतात, कुणी चढवत नाही.
पिशवी आवरताना ती म्हणाली,
तुझ्या हाताला गुण आहे, पोरी.
जाताना हिरवी बाटली माझ्या खिशात घातली,
अर्धी वापरलेली.

रात्री न्गा पालथी पडून होती.
पुन्हा धरलीय गं मान. चमचा कुठाय?
देते, म्हटलं.
आधी तोंड उघड.
आणि तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवून
मी घड्याळाकडे बघत बसले.